यांत्रिकाचा वैमानिक : जेम्स मॅक्कडन



वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने एखाद्या कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे, ही प्रथा आम्हास फार मोलाची वाटते. चरित्र स्वकीयाचे असले म्हणजे अभिमान वाटतो हे खरे. परंतु परक्या देशातील, परक्या समाजातील माणसाच्या आयुष्यातही कित्येकदा आपल्याच घरातील प्रश्न उभा असलेला दिसतो. यंदा आम्ही जे चरित्र निवडले आहे ते अशाच एका परक्याचे आहे. ते का निवडले, हे प्रथम सांगितले पाहिजे.

न्हावा आणि शेवा ही आपली दोन गावे. पूर्वी येथे खाडी, मिठागरे, खारभूमीतील भातशेती आणि मासळी यांवर घरे चालत. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी याच उरण भागात पाच जणांनी आपले प्राण दिले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. १९८९ साली येथे मोठे बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत शिवडीपासून आपल्या दारापर्यंत समुद्रावरून सेतू आला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जवळच उलव्याच्या बाजूस नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या आकाशात आपल्या आजोबांनी वाऱ्याची दिशा आणि पावसाची चिन्हे पाहिली, त्या आकाशात आता विमाने उतरताना दिसतात. साहजिकच आपली मुले विमानांच्या देखभालीचे शिक्षण घेऊ लागली आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात, नोकरीत चार-सहा वर्षे गेल्यावर, एक प्रश्न उठतो. ज्या विमानाचे इंजिन आपण रात्रभर जागून दुरुस्त करतो, ते विमान आपण स्वतः का चालवू नये? घरची वडील मंडळी यावर गप्प होतात. लागलेली नोकरी सोडावी काय, वय निघून गेले नाही काय, आणि हात काळे करणाऱ्या माणसास वैमानिकांच्या पंक्तीत कोणी बसू देईल काय, अशा शंका त्यांच्या मनात येतात.

या तिन्ही शंकांना ज्याने आपल्या आयुष्याने उत्तर दिले, तो जेम्स मॅक्कडन होय. त्या उत्तरात यश आहे, तसे दुःखही आहे. आम्ही दोन्ही सांगणार आहोत.

जेम्स थॉमस बायफर्ड मॅक्कडन याचा जन्म २८ मार्च १८९५ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील जिलिंगहॅम या गावी झाला. त्याचे घराणे मूळचे आयर्लंडचे. वडील ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या दलात होते आणि शिपायापासून सार्जंट-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. अधिकाऱ्याचा दर्जा मात्र त्या घरात कोणास मिळालेला नव्हता. इंग्लंडच्या त्या काळच्या समाजव्यवस्थेत शिपाई आणि अधिकारी यांच्यामध्ये जी भिंत होती, ती आपल्या वाचकांस विस्ताराने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जेवणाची जागा वेगळी, राहण्याची जागा वेगळी, बोलण्याची रीत वेगळी. आणि ही वेगळीक बहुतेकदा जन्मानेच ठरत असे.

१९०९ साली हे कुटुंब शीअरनेस येथे राहावयास आले. शीअरनेस हे शेपी नावाच्या बेटावर, नदीच्या मुखाशी वसलेले आरमारी गोदीचे गाव. खाडी, चिखल, भरती-ओहोटी आणि गोदीतील लोखंडाचा आवाज यांत वाढणाऱ्या मुलाचे बालपण न्हावा बेटावरील वाचकांस अपरिचित वाटणार नाही. त्याच बेटावर, ईस्टचर्च आणि लेझडाउन येथील माळावर, नेमके त्या वर्षांत इंग्लंडमधील आरंभीची विमाने उडू लागली होती. लाकूड, तारा आणि कापड यांची ती डगमगती यंत्रे पाहण्यास बेटावरील मुले धावत. मॅक्कडन बंधूंच्या मनात विमानाचे बीज पडले ते येथेच.

तथापि गरिबाघरच्या मुलास बीज रुजण्याची वाट पाहत बसता येत नाही. पंधरा वर्षांचा जेम्स १९१० साली वडिलांच्याच दलात बिगुल वाजविणारा पोऱ्या म्हणून दाखल झाला. पुढे त्याची जिब्राल्टरला बदली झाली. तेथे विमानांविषयीची नियतकालिके तो हाती पडतील तशी वाचून काढी. एवढ्यात थोरला भाऊ विल्यम हा नव्याने स्थापन झालेल्या रॉयल फ्लाइंग कोअर या हवाई दलात गेला आणि विमान चालविण्यास शिकलाही. धाकट्याने त्याच वाटेने जाण्याचे ठरविले. एप्रिल १९१३ मध्ये जेम्सची हवाई दलात बदली झाली. तो आला तो दुसऱ्या श्रेणीचा विमान-यांत्रिक म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत मदतनीस मिस्त्री म्हणून.

आरंभ फारसा शुभ झाला नाही. फार्नबरो येथे नव्यानेच आलेला असता त्याने एका विमानाचे इंजिन पंखा फिरवून सुरू केले. इंधनाची कळ पूर्ण उघडी राहिली होती, हे त्याने पाहिले नव्हते. विमान आपण होऊन पळत सुटले आणि जवळच्या दुसऱ्या यंत्रावर जाऊन आदळले. या चुकीबद्दल त्याला काही दिवसांची कोठडी आणि पगाराची कपात भोगावी लागली. सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, दुसऱ्याने पाहिली असेल असे मानू नये, हा धडा मात्र त्याने जन्मभर सोडला नाही. पुढे त्याच्या कामात जो काटेकोरपणा दिसून आला, त्याचे मूळ या कोठडीत असावे असे आम्हास वाटते.

जून १९१३ मध्ये तो तिसऱ्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. त्या काळच्या इंजिनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून या माणसाचे कौशल्य ध्यानात येणार नाही. त्या काळी नोम कंपनीची गोल इंजिने पुष्कळ विमानांत असत. त्यांत मधला दांडा स्थिर राही आणि भोवतालची सिलिंडरे पंख्यासह गरागरा फिरत. अशा फिरण्याने वारा लागून इंजिन थंड राही. पण आतील भाग झिजत लवकर. वंगणासाठी एरंडेल तेल वापरीत, आणि ते फवाऱ्यासारखे बाहेर उडून वैमानिकाच्या तोंडावर व कपड्यांवर बसे. थोड्या तासांच्या उड्डाणानंतर सारे इंजिन उकलून, धुऊन, झडपा तपासून पुन्हा जुळवावे लागे. हे काम करणाऱ्याचे कान इतके तयार होत की, जमिनीवर उभे राहून वरच्या इंजिनाच्या आवाजावरून तो दोष ओळखी. मॅक्कडन अशांपैकी एक झाला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. स्क्वाड्रन फ्रान्सला निघण्याच्या सुमारास, १२ ऑगस्ट रोजी, लेफ्टनंट स्कीन आणि यांत्रिक बार्लो यांना घेऊन निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि दोघेही ठार झाले. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने गमावलेली ही पहिली दोन माणसे होत. त्या विमानाचे इंजिन सुरू करून देणारे हात मॅक्कडनचे होते, आणि मेलेला यांत्रिक त्याचा सोबती होता. एकोणीस वर्षांच्या त्या पोरावर या प्रसंगाचा खोल परिणाम झाला. विमान जमिनीवरून सुटले म्हणजे यांत्रिकाचे काम संपले असे लोक समजतात. वस्तुतः ते सुखरूप परत येईपर्यंत त्याचा जीव टांगणीस लागलेला असतो. ज्यांचे पती वा पुत्र होडीतून समुद्रावर जातात, त्या आपल्या भगिनींस हे निराळे सांगावयास नको.

फ्रान्समध्ये त्याचे काम वाढले तसा त्याचा हुद्दाही वाढला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो कॉर्पोरल झाला आणि १ एप्रिल १९१५ रोजी सार्जंट होऊन आपल्या तुकडीतील सर्व इंजिनांचा जबाबदार झाला. वीस वर्षांच्या वयात हे पद म्हणजे त्याच्या व्यवसायातील मोठेच यश होते. कोणी म्हणेल, येथे थांबावयास काय हरकत होती? हाताला काम होते, वरिष्ठांचा विश्वास होता, आणि जीव त्यातल्या त्यात सुरक्षित होता.

ठीक एका महिन्याने, १ मे १९१५ रोजी, थोरला भाऊ विल्यम इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टजवळ विमान अपघातात मरण पावला. ज्याच्या पावलावर पाऊल ठेवून जेम्स या क्षेत्रात आला होता, त्याच भावास विमानाने गिळले. घरात आईवडिलांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. अशा वेळी दुसऱ्या मुलाने आपणासही उडावयाचे आहे म्हणणे ही निष्ठुरता होय की धैर्य, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो. जेम्सचे मन मात्र बदलले नाही.

वर जाण्याचे रीतसर शिक्षण मिळावे म्हणून त्याने खटपट केली, ती प्रथम फळास आली नाही. आणि नकाराचे कारण मोठे चमत्कारिक होते. त्याच्यात काही उणीव होती असे नव्हे. इंजिनांवरील त्याचा हात इतका चांगला होता की तो तेथून हलविणे स्क्वाड्रनला परवडण्यासारखे नव्हते. चांगले काम हेच त्याच्या वाटेतील धोंड ठरले. कारखान्यात वा कचेरीत ज्यांनी हा अनुभव घेतला आहे, त्यांस हे दुःख समजेल. वाईट कामगारास कोणीही सोडून देतो, चांगल्यास अडवून धरतात.

मॅक्कडनने या नकारावर कुढत बसणे पत्करले नाही, की कामात कुचराईही केली नाही. संधी मिळेल तेव्हा तो वैमानिकाच्या मागे निरीक्षक म्हणून बसून वर जाऊ लागला. दिवसा शत्रूच्या रांगांवरून उड्डाण आणि परतल्यावर त्याच इंजिनाची तपासणी, असा त्याचा क्रम झाला. १९१५ च्या डिसेंबरात त्याच्या विमानाची गाठ जर्मनांच्या नामांकित इमेलमनशी पडली असता, त्याने बंदुकीने मारा करून त्यास दूर ठेवले. या कामगिरीची दखल घ्यावीच लागली. जानेवारी १९१६ मध्ये फ्रेंच सरकारने त्यास क्रोआ द गेर हे पदक दिले, त्याची फ्लाइट सार्जंटच्या हुद्द्यावर बढती झाली, आणि अखेर वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी त्याची इंग्लंडला रवानगी झाली.

त्या वेळी त्याचे वय एकवीसच्या घरात होते. आजच्या हिशेबाने हे वय कोवळे; पण लष्करी चाकरीची सहा वर्षे आणि विमानांच्या यंत्रशाळेतील जवळजवळ तीन वर्षे त्याच्या मागे होती. शाळेतून थेट आलेल्या, चांगल्या घराण्यातील तरुणांबरोबर तो विद्यार्थी म्हणून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसला. ज्या गॉस्पोर्टजवळ भाऊ गेला होता, तेथेच त्याने पहिले धडे घेतले. १६ एप्रिल १९१६ रोजी रॉयल एरो क्लबचे वैमानिक-प्रमाणपत्र त्यास मिळाले. त्याचा क्रमांक २७४५ होता. त्या काळी शत्रूचे तोंडही न पाहता शिकता शिकता मरण पावणारे तरुण पुष्कळ असत. मॅक्कडन तगला आणि इतका तयार झाला की, स्वतः रणांगणावर जाण्यापूर्वीच त्यास इतरांना शिकविण्याच्या कामी लावण्यात आले.

यांत्रिक असल्याचा त्यास येथे काय उपयोग झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. विमान हवेत सावरणे ही निराळी विद्या आहे. ती पाना-हातोड्याने येत नाही. वाऱ्याचा झोत, वेगाचा अंदाज, जमिनीची उंची आणि हातापायांचा मेळ या गोष्टी प्रत्येकास मुळापासून शिकाव्या लागतात, आणि त्याने त्या शिकल्या. परंतु इंजिनाचा सूर बिघडला की इतर शिकाऊ वैमानिक गांगरून जात, तेथे त्यास बिघाड कोठे असावा याचा अंदाज बांधता येई. यंत्राची शक्ती किती आणि मर्यादा किती हे ठाऊक असल्यामुळे तो यंत्राकडून अशक्य ते मागत नसे. ज्या तांडेलाने आपल्या होडीच्या फळ्या स्वतः ठोकल्या असतील, तो वादळात तिला किती ताणावे हे जाणतो. तसेच हे होते.

जुलै १९१६ मध्ये तो वैमानिक म्हणून फ्रान्सला परतला. ६ सप्टेंबर रोजी एकोणतिसाव्या स्क्वाड्रनमधून लढताना त्याने शत्रूचे पहिले विमान पाडले. मिलिटरी मेडल हे शिपायांचे पदक त्यास मिळाले आणि १ जानेवारी १९१७ रोजी तो कमिशन मिळून अधिकारी झाला. लगेचच फेब्रुवारीत अधिकाऱ्यांचे मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले. दोन पदकांमधील हे अंतर म्हणजेच त्याने ओलांडलेली भिंत होय.

त्यानंतर काही महिने त्यास इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून ठेविले. त्याच्या हाताखाली जे शिकले त्यांत एडवर्ड मॅनॉक नावाचा एक टेलिफोन खात्यातील कामगार होता. विमान गरगर फिरत खाली येऊ लागले तर ते कसे सावरावे, हे मॅक्कडनने त्यास समजावून दिले. पुढे हाच मॅनॉक ब्रिटिशांच्या सर्वश्रेष्ठ लढाऊ वैमानिकांत गणला गेला.

ऑगस्ट १९१७ मध्ये मॅक्कडन छप्पन्नाव्या स्क्वाड्रनमध्ये एका तुकडीचा नायक म्हणून दाखल झाला. याच स्क्वाड्रनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय हा तरुण बंगाली वैमानिक आला. तो दुसऱ्या तुकडीत होता, तरी एकाच तळावर एक शिपायाचा मुलगा आणि एक हिंदी तरुण अशी दोन्ही उपेक्षितांची मुले इंग्लंडच्या उच्चकुलीनांच्या बरोबरीने उडत होती, ही गोष्ट आम्हास लक्षणीय वाटते. इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी रणांगणी पडला, तेव्हा त्याच्या नावावर दहा विजय होते.

छप्पन्नाव्या स्क्वाड्रनमध्ये मॅक्कडनचे दोन्ही व्यवसाय एकत्र आले. तेथील एस. ई. ५ ए. जातीचे विमान पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे होते. इतर अधिकारी उड्डाण संपताच भोजनगृहाकडे वळत. मॅक्कडन हँगरात यांत्रिकांसमवेत उभा राही. बंदुकांच्या नळ्या तो स्वतः जुळवून घेई. अधिक दाब देणारे पिस्टन त्याने आपल्या इंजिनात बसवून घेतले आणि त्यायोगे त्याचे विमान वीस हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे सहा हजार मीटरच्या, वर जाऊ लागले. जर्मनांची छायाचित्रे घेणारी विमाने त्या उंचीवर निर्धास्तपणे फिरत, कारण तेथे त्यांस गाठणारे फारसे कोणी नव्हते. पाडलेल्या एका जर्मन विमानाच्या पंख्यावरील टोपण काढून त्याने आपल्या विमानास लाविले, तेव्हा वेगात ताशी सुमारे तीन मैलांची भर पडल्याचे त्यास आढळले. तीन मैल म्हणजे काय मोठेसे, असे आपण म्हणू. पण पाठलागात तीन मैलांनीच जीव जातो किंवा वाचतो.

एवढ्या उंचीवर प्राणवायूची सोय नव्हती, वैमानिकाची जागा उघडी होती आणि हिवाळ्याची थंडी हाडे गोठविणारी होती. खाली उतरल्यावर त्याचे डोके असह्य दुखे. वैमानिकांस हवाई छत्री दिली जात नसे. अशा स्थितीत २३ डिसेंबर १९१७ रोजी त्याने एकाच दिवसात चार विमाने पाडली. तरी त्याची रीत बेदरकारपणाची नव्हती. तो वरून, सूर्याच्या बाजूने, शत्रूस न दिसता येई. डाव प्रतिकूल दिसला की लढाई सोडून परत फिरे आणि त्यात कमीपणा मानीत नसे. कोठडीत शिकलेली सावधगिरी येथेही त्याच्याबरोबर होती. शत्रूचे शौर्यही त्याने मोकळेपणाने मानले. २३ सप्टेंबर १९१७ रोजी वेर्नर फॉस हा जर्मन वैमानिक एकट्याने मॅक्कडनच्या तुकडीशी झुंजून पडला, तेव्हा त्याच्या धैर्याची थोरवी मॅक्कडनने आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली आहे.

त्याच्या विजयांची संख्या सत्तावन्नपर्यंत पोहोचली. प्रत्येक आकड्यामागे एक वा दोन माणसांचे मरण असते. म्हणून आम्ही या आकड्याचा उत्सव करीत नाही. युद्धाचा तो काळ होता, आणि त्या काळाने या कारागिरास हेच काम दिले. मार्च १९१८ मध्ये त्यास विश्रांतीसाठी इंग्लंडला परत बोलाविले. त्याच महिन्यात, १८ तारखेस, धाकटा भाऊ जॉन अँथनी हाही वैमानिक म्हणून लढताना मारला गेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २ एप्रिल रोजी, जेम्सला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले. एका घरात पुत्रशोक आणि राजसन्मान असे पाठोपाठ आले.

एवढे होऊनही ती जुनी भिंत सर्वस्वी पडली नव्हती. पंच्याऐंशीव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यास द्यावे असा विचार निघाला, तेव्हा तेथील वैमानिकांनी नापसंती दर्शविली. तो एकटा शिकार साधतो, सोबत्यांस संधी देत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. तो शिपायांतून वर आलेला आहे, हेही मनात होते असे अनेक इतिहासकार मानतात. त्याच्याऐवजी जो नेता त्यांना मिळाला तो मॅनॉक! शिपायाचा मुलगा, टेलिफोनचा कामगार आणि मॅक्कडनचाच विद्यार्थी. कुळाचा अभिमान धरणाऱ्यांवर काळाने केलेला हा विनोद आहे. आम्ही आपल्या समाजातही अधूनमधून स्वतःस विचारावे की, दुसऱ्याच्या भिंतीविषयी तक्रार करणारे आपण आपल्यातील एखाद्या मिस्त्रीकडे, खलाशाकडे कोणत्या नजरेने पाहतो.

इंग्लंडमधील त्या महिन्यांत त्याने हवाई दलातील आपल्या पाच वर्षांचा वृत्तान्त लिहून काढला. शाळा लवकर सुटलेल्या माणसाने लिहिलेले ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि आजही विमानविद्येच्या इतिहासात आदराने वाचले जाते.

जुलै १९१८ मध्ये मेजर मॅक्कडनकडे साठाव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व आले. ९ जुलै रोजी नव्या विमानातून तो फ्रान्समध्ये आपल्या तळाकडे निघाला. वाट विचारण्यासाठी ओक्सी-ल-शातो येथे तो उतरला. पुन्हा उड्डाण करताच, विमान पुरेसे उंच जाण्याआधी, इंजिनाने दगा दिला असे मानले जाते. विमान झाडांत कोसळले आणि त्याच दिवशी सायंकाळी तो मरण पावला. वय अवघे तेवीस वर्षे. जवळच वावां येथील लहानशा स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. शत्रूच्या गोळ्यांनी ज्यास स्पर्श केला नाही, त्यास ज्या इंजिनाची त्याने आयुष्यभर सेवा केली त्यानेच नेले. मॅक्कडन माउलीचे तीन पुत्र असे विमानाच्या पायी गेले.

वाचकहो, हे चरित्र येथे संपते. परंतु ज्या प्रश्नांनी आम्ही आरंभ केला त्यांच्याकडे परत गेले पाहिजे.

यांत्रिकास वैमानिक होता येते काय? येते. आपल्या देशातही यंत्रशाळेतून निघालेली वाट उंच गेलेली आहे. हवाई सिपाही म्हणून भरती झालेले हरजिंदर सिंग हे भारतीय हवाई दलात एअर व्हाइस मार्शलच्या पदापर्यंत चढले. मात्र मॅक्कडनला युद्धाने जी शिकवणी सरकारी खर्चाने दिली, ती आज मुलकी तरुणास मिळत नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा पार कराव्या लागतात. देखभाल अभियंत्याच्या अनुभवामुळे त्या दोनशे तासांतील एक तासही कमी होत नाही, आणि खर्च सामान्य घरास झेपणारा नसतो. जमिनीच्या मोबदल्यातून उरलेली पुंजी, किंवा घर गहाण ठेवून काढलेले कर्ज, घाईने या कामी घालू नये. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नोकरी चालू ठेवून परीक्षांचे विषय उरकावेत. उड्डाणाचे पैसे एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय आहे की नाही ते पाहावे. यांत्रिकाची चाकरी ही टाकून देण्याची पायरी नव्हे. मॅक्कडन अधिकारी झाला, नामांकित झाला, तरी हँगरात जाण्याचे त्याने सोडले नाही.

आणि ज्या घरी मुलगा वा मुलगी यंत्रशाळेतच राहू इच्छिते, त्या घरीही हे चरित्र तितक्याच अभिमानाने वाचले जावे. लेफ्टनंट स्कीनचे विमान पडले तेव्हा दुःखाने व्याकूळ झालेला तो यांत्रिकच पुढे आकाशात इतका सावध झाला. आमच्या डोक्यावरून रात्री जे दिवे सरकत जातात, त्यांतील प्रत्येकामागे जमिनीवर जागणारे कोणीतरी असते. कदाचित आपल्याच वाड्यातील, आपल्याच आडनावाचे. त्यास घरी परतल्यावर गरम भाकरी मिळावी, आणि त्याने वर जाण्याची इच्छा बोलून दाखविलीच, तर ती हसण्यावारी न नेता शांतपणे ऐकून घ्यावी, एवढीच आमची समाजातील वडील मंडळींस विनंती आहे.